एक कांडं पाणी

उकड्या तांदळाला मोजावं लागत नाही.
मोठा टोप, भरपूर पाणी, शिजला की पेज काढायची.
चुकलं तर पेज दाट, एवढंच.
उकडा मनाला लावून घेत नाही, आई म्हणते.

पांढरा हिशेबी.
त्याच्यावर पाणी हवं एक कांडं:
तर्जनीचं टोक तांदळाला टेकवायचं,
पाणी पहिल्या रेघेला आलं की हात बाहेर.
कोपार्ड्याला आमच्या घरी ही रेघ
चवथीला लागायची, पाहुण्यांना लागायची,
किंवा मला ताप आला की.

इथे वेर्ण्याला रोज लागते.
खोलीतला एकच बर्नर धड पेटतो,
रात्रपाळी सुटते सहाला,
उकडा शिजेपर्यंत कोण जागणार?

ती रेघ आता माझ्याकडे नाही.
बाटल्यांना झाकणं ठोकणाऱ्या यंत्रानं
तेवीस ऑगस्टला, पहाटे पावणेचारला,
उजव्या तर्जनीचं एक कांडं कांडलं.
उल्हास च्यारीनं बटण दाबून ते बंद केलं,
आधी माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे,
मग पुन्हा माझ्याकडे नाही पाहिलं.
फॉर्मवर लिहिलं: तर्जनी, उजवी, अंशतः.
डाव्या हातानं सही केली.
माझी वाटत नव्हती, पण चालली.

रेशनच्या दुकानात यंत्र म्हणालं, बोट ठेवा.
ठेवलं.
पुन्हा ठेवा.
मागच्या बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
शेवटी मधलं चाललं. पाच किलो.
दुकानदार म्हणाला, पुढच्या वेळी हेच आणा,
जसा काही मी बाकीची घरी ठेवून येणार होतो.

पंधरावीस दिवस भात चुकत राहिला.
वाटीनं मोजला, तर गच्च गोळा.
डाव्या तर्जनीनं मोजला,
ती बारीक, नख खाल्लेली, तिला कामाची सवय नाही,
खाली करपला, वर कच्चा.
घरमालकीण पिएदाद बाय खिडकीशी येऊन म्हणाली,
किदें जळटा रे?
सगळं तिच्या बदकांनी खाल्लं.

शितावरून भाताची परीक्षा.
शीत चेपायला बोटं दोन लागतात,
ते म्हणीत सांगितलेलं नाही.

आज सुट्टी.
तांदूळ तीनदा धुतला,
धुवण दुधासारखं, मग ताकासारखं, मग नुसतं पाणी.
टोपात सपाट केला,
आणि लक्ष नसताना तेच बोट आत धरलं, तांब्यातून पाणी ओतत.
बोट अधांतरीच होतं, तांदळापासून वर,
तरी टोकाला तांदूळ टोचला.
जे टोक नाही, त्याला.
मग पाणी गार गार वर चढत आलं, नसलेल्या नखावरून,
आणि व्रणाला ओल लागली तेव्हा
हात आपोआप थांबला.
डॉक्टर म्हणाला होता, असं होतं कधी कधी, खाज येईल.
भाताचं काही बोलला नव्हता.

गॅस मोठा. उकळी. फेसानं झाकण उचललं.
गॅस बारीक.
थोड्या वेळानं भातावर भोकं पडली,
बांधावर कुर्ल्यांची बिळं असतात तशी.
बंद केला. दहा मिनिटं हात लावायचा नाही.

त्या दहा मिनिटांतच आईचा फोन आला.
चवथीला मी गेलो नव्हतो, ओव्हरटाइम आहे म्हणालो होतो.
जेवलास?
भात होतोय.
कुठला?
पांढरा.
पाणी किती घातलंस?

एक कांडं, म्हणालो.

झाकण काढलं, अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं शीत चेपलं.
आत कणी नाही.
तळाला जरासा लागला असेल, खरवडून खाईन.
दारात बदकं येऊन उभी आहेत.
आज तुम्हाला काही नाही, जा.